भिंतीकडं बघणाऱ्या हवालदारबाई

"तुमीच उघडा. मी भिताडाकडं बघते."

आमच्या ठाण्यात कुणी फोनवरच्या त्रासाची तक्रार घेऊन आलं की हवालदारबाई एवढंच बोलायच्या आणि खुर्चीसकट भिंतीकडं वळायच्या. खुर्ची लोखंडी, खाली शहाबादी फरशी. वळताना असा कर्कश आवाज व्हायचा की बाहेर टपरीवर चहा पिणाऱ्यांनाही कळायचं, आत कुणाचा तरी फोन उघडतोय. तक्रार करणारी बाई मग निवांत आपलं कुलूप काढायची, नवऱ्याचे, नणंदेचे, माहेरचे निरोप बाजूला सारायची, ज्या मेल्यामुळं ठाण्याची पायरी चढावी लागली त्याचा निरोप हुडकायची आणि म्हणायची, "बगा बाई." मग खुर्ची पुन्हा ओरडत सरळ व्हायची.

भिंतीवर किराणा दुकानाचं कॅलेंडर होतं. दरसालचं कॅलेंडर जानेवारी संपायच्या आत बाईंना पाठ व्हायचं. संकष्टी कधी, अमावस्या कधी, कुठल्या महिन्यात लग्नाच्या तिथी नाहीत, सगळं तोंडावर. ठाण्यातले शिपाई पोरींच्या सोयरिकीआधी त्यांनाच विचारायचे. मी एकदा म्हणालो, "बाई, पंचांग कधी शिकलात?" तर म्हणाल्या, "शिकते कशाला वकीलसाहेब. लोकांचे फोन लई सावकाश उघडतात."

मी इथल्या तालुका कोर्टात वकिली करतो, आणि बाई आमच्याच गल्लीत राहायच्या. त्यामुळं आमची भांडणं दिवसा ठाण्यात आणि संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर, अशी दोन्हीकडं चालायची. बाई उंच, हाडापेरानं रुंद. वर्दीच्या खिशात पेन कधी सापडायचा नाही, पण गुळाचा खडा आणि शेंगदाणे हमखास असायचे. रडत आलेल्या बाईच्या हातावर आधी ते ठेवायचं आणि मग नाव विचारायचं, अशी त्यांची पद्धत. नवऱ्यामागं एकट्याच राहायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी हळहळलं की त्या सरळ विषय बदलून पाण्याचा टँकर कधी येणार ते विचारायच्या.

भिंतीकडं बघण्यामागं कायद्याचं कुठलं कलम नव्हतं. मी कलमं बघितली आहेत. ती रीत बाईंनी माहेरून आणली होती. माहेर लिंबागणेशच्या बाजूचं, घर मेंढपाळांचं. एकदा ओट्यावर बसून त्यांनी मला समजावलं होतं.

"पाण्यावर दोन कळप मिसळतात. मग दोघा धन्यांनी समोरासमोर उभं ऱ्हायचं, आन् ज्यानं त्यानं आपल्या गेरूच्या खुणेचं मेंढरू वढून काढायचं. दुसऱ्याच्याला हात लावायचा न्हाई. त्याची किती गाभन, किती लंगडी, ह्ये मोजायचं न्हाई. दिसलं तरी गावात बोलायचं न्हाई."

"आणि फोन?"

"फोनमदी सगळ्या गावाचेच कळप मिसळलेले असतात की."

आता तुम्ही म्हणाल, मग पोलिसांनी कुणाचा फोन बघूच नये, असं बाईंचं मत असणार. अजिबात नाही. ते मत माझं होतं. माणसाचं कुलूप ते माणसाचं, सरकारला त्याची किल्ली देऊ नये, आज चोरासाठी मागतील आणि उद्या शेजाऱ्यासाठी, असं मी तावातावानं बोलायचो. बाई ऐकून घ्यायच्या, आणि एक दिवस भडकल्या.

त्याचं कारण होतं दहावीतली एक मुलगी. फोनवर ओळख झालेल्या कुणा माणसाच्या नादानं ती घरातून निघून गेली होती. फोन मात्र गडबडीत उशाखाली राहिला होता, आणि त्याला कुलूप. बाईंनी मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या बंगल्यावर जाऊन त्यांना जेवणावरून उठवलं, परवानगी घेतली, आईला आणि दोन पंचांना समोर बसवलं, कुलूप काढणाऱ्या माणसाला बोलावून आणलं आणि त्या एकाच माणसाशी झालेलं बोलणं वाचलं. बाकीच्याला बोट लावलं नाही. मुलगी परजिल्ह्यातल्या एका बसस्थानकावर सापडली. तो माणूस तिकीट काढायला रांगेत उभा होता.

"वकीलसाहेब, ती पोरगी गाडीत बसायच्या बेतात होती," बाई म्हणाल्या. "तवा तुमचं भाषण घिऊन मी काय करायचं होतं? कुलूप चांगलंच हाय. पन आतून कुनी वरडत असंल तर दार तोडावंच लागतं. फकस्त तोडनाऱ्यानं माजघरातली भांडी मोजू नयेत."

माझं मत तिथं थोडं हललं, हे मान्य करतो. पुढं जे झालं त्यानं ते पुन्हा कडक झालं.

ठाण्यात नवे साहेब आले. तरणे, इस्त्रीचे, बोलण्यात गोड. त्यांना बाईंचं भिंतीकडं वळणं बघून हसू आलं. "अहो हवालदार, ज्याला लपवायचं काही नाही, त्याला भीती कशाची?"

बाई म्हणाल्या, "मंग साहेब, तुमचा फोन ठिवा की टेबलावर. उघडून."

साहेबांचं हसू गेलं. त्या दिवसापासून बाई त्यांच्या डोळ्यांत सलायला लागल्या.

ते लपवण्याचं वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. आमच्या खेड्यांत बायांना परसाकडंला जायला चार भिंती मिळाल्या, त्याला फार दिवस झालेले नाहीत. त्या भिंती उभ्या राहिल्या तेव्हा कुणी विचारलं का, की बाया आत बसून काय लपवतात? नाही ना? मग फोनच्या बाबतीतच ही अक्कल कुठून येते?

तर, आता दुसरी मुलगी. नांदूरघाटच्या रस्त्याला लागून एक गाव आहे, तिथली. अंबाजोगाईला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात होती. घराण्यातली इतकी शिकलेली पहिलीच. त्या भागातल्या एका पुढाऱ्याचा पुतण्या तिच्या मागं लागला होता. तिनं धुडकावल्यावर धमक्या सुरू झाल्या. तोंडावर ॲसिड टाकीन इथपर्यंत. निरोप असे पाठवायचा की वाचले की काही वेळानं आपोआप पुसले जायचे. मुलगी हुशार, तिनं त्यातले बरेच पुसायच्या आत टिपून ठेवले होते. ते घेऊन ती बाईंकडं आली. मी त्या वेळी दुसऱ्या कामानं ठाण्यातच होतो.

बाईंनी गूळ दिला. मुलीनं खाल्ला नाही, मुठीत धरून बसली.

"मावशी, फोन द्यावा लागंल का?"

"साहेब म्हनतात तपासायला पाठवायचाय. त्याबिगर कोर्टात टिकनार न्हाई."

"त्याच्यात माझं दुसरं पण हाय."

"जे दुसरं हाय ते दुसरंच ऱ्हाईल," बाई म्हणाल्या. "माझा शब्द. तू उघड, धमक्या कुठं हायत ते दाव, तेवढंच लिहून घिऊ. मंग तुझ्यासमोर फोन पाकिटात घालून लाख लावू."

आणि बाई भिंतीकडं वळल्या. मुलीनं बोटानं कुलपाची रेघ ओढली, फोन उघडला. धमक्या दाखवल्या, त्या लिहून झाल्या. लाख लावायला पंच यायचे होते, तेवढ्यात साहेबांनी बाईंना आत बोलावून एका सभेच्या बंदोबस्तावर तातडीनं पाठवलं. "पाकिटाचं आम्ही बघतो, तुम्ही निघा." बाई निघाल्या. मुलगीही वसतिगृहावर गेली. फोन टेबलावर राहिला.

त्या फोनमध्ये मुलीचे तिच्या वर्गातल्या एका मुलाबरोबरचे फोटो होते. कॉलेजच्या बागेतले, हातात हात घेतलेले. मुलगा दुसऱ्या जातीतला. बस, एवढंच. गुन्हा नाही, चोरी नाही. दोघं नर्सिंग शिकत होती आणि एकमेकांना आवडत होती.

आठवडा उलटायच्या आत ते फोटो तिच्या गावातल्या प्रत्येक फोनवर होते. खाली मजकूर होता, की हिचे धंदे बघा आणि म्हणे आमच्या पोरावर तक्रार करते. आमच्या गल्लीच्या ग्रुपवरसुद्धा आले. मी ग्रुपवर तोंडाला येईल ते बोललो आणि मग ग्रुप सोडला. दुसऱ्या दिवशी शेजारचे एक गृहस्थ, देवपूजा केल्याशिवाय चहा न घेणारे, मला समजावायला आले. "वकीलसाहेब, आपण काय केलं, फक्त पुढं पाठवलं." फक्त पुढं पाठवलं. माझ्या हातात तेव्हा पाण्याचा तांब्या होता, तो मी खाली ठेवला, नाहीतर त्यांच्या डोक्यात घातला असता.

बापानं मुलीला वसतिगृहातून आणलं आणि घरात कोंडलं. शिक्षण बंद. तक्रार गैरसमजातून झाली, असं तिच्याकडून लिहून घेतलं आणि घाईघाईनं स्थळ बघायला सुरुवात केली.

आणि त्या पुतण्याचा फोन? मी साहेबांना विचारायला गेलो. ते म्हणाले, "त्याचा फोन विहिरीत पडला म्हणतो. कंपनीला लिहिलंय. पण ते सगळं एन्क्रिप्टेड असतं हो, परदेशातली कंपनी, उत्तरं देत नाहीत. कायद्याचे हात बांधलेत बघा." आणि माझ्याकडं बघून गोड हसले.

बघा म्हणजे. धमक्या देणाऱ्याचं कुलूप एवढं भक्कम की सरकार हतबल. आणि विश्वासानं आलेल्या पोरीचं कुलूप एवढं कच्चं की तिची बाग गावभर. कायद्याचे हात बांधलेत म्हणे. कुणी बांधलेत, आणि सोडताना नेमके कुणाच्या घरात सोडता, हे मला त्यांच्या टेबलावर हात आपटून विचारायचं होतं, आणि मी विचारलंही. त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं.

कुलूप कसं उघडलं ते बाईंनी शोधलं. पुढाऱ्याच्या कार्यकर्त्यांसमोर साहेबांचा रायटर, म्हणजे त्यांचं लिहिण्याचं काम बघणारा शिपाई, फुशारकी मारून बसला होता. मुलगी रेघ ओढत होती तेव्हा तो तिच्या मागं कपाटापाशी उभा होता. त्यानं बघितली आणि पाठ केली.

त्या संध्याकाळी बाई ओट्यावर बसल्या होत्या. वर्दी उतरवलेली नव्हती. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "मी भिताडाकडं बघत होते, वकीलसाहेब. मागं कोन उभंय ते बघितलंच न्हाई. आमच्यात धनी समोर उभा ऱ्हातो, कावून? चोर मागून येतो म्हनून. मी त्येवढंच इसरले. अर्धीच रीत पाळली."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर मला बरं वाटलं असतं.

जिल्ह्याच्या वरिष्ठांकडं बाईंनी अर्ज केला. साहेबांचं नाव, रायटरचं नाव, आणि तिसरं स्वतःचं. मी म्हणालो, "बाई, स्वतःचं कशाला?" त्या म्हणाल्या, "कुलूप माझ्या शब्दावर उघडलंय." मी खोडायला सांगितलं, त्यांनी खोडलं नाही. अर्ज वर गेला आणि वरच राहिला.

पुढं सुपारी फुटायच्या आदल्या दिवशी मुलगी घरातून निघून गेली. कशी गेली, कुणी नेलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि तुम्हीही विचारू नका. बापानं हरवल्याची तक्रार दिली, आणि ती द्यायला बापाबरोबर कोण आलं होतं? पुढाऱ्याचे कार्यकर्ते, दोन गाड्या भरून. साहेबांना लगेच सुचलं की हवालदारबाईंना ठाऊक असणार. चौकशी लागली, जिल्ह्याहून अधिकारी आले, आणि बाईंना हुकूम झाला की आपला फोन उघडून द्या.

खरं सांगतो, त्या वेळी मीच बाईंना डिवचलं. "दहावीतल्या पोरीच्या वेळी तुम्ही काय म्हणाला होतात? आतून कुणी ओरडत असेल तर दार तोडावं लागतं. आता बाप ओरडतोय."

"बाप भाईरून वरडतोय," बाई म्हणाल्या. "ती पोरगी धोक्यात चालली होती. ही धोक्यातून निघालीय. एवढा फरक तुमाला कळंना का?"

चौकशीच्या दिवशी त्यांनी मला बरोबर नेलं. मला आत बसू दिलं नाही. खिडकी उघडी होती, मी व्हरांड्यात उभा राहिलो. बाईंनी त्यांच्या सवयीनं आधी मधला मार्ग सांगितला.

"पोरगी सज्ञान हाय, साहेब. मॅजिस्ट्रेटसाहेबांसमोर फोनवर मी तिचं तोंड दावते. जिती हाय का, खुशीनं गेली का, ती शिकायचं म्हनती का, सगळं इचारा. फकस्त कुठं हाय ते इचारू नका. कोर्टाचा हुकूम आना, कोनाचं बोलनं, कुठून कुठवर बघायचं ते त्यात लिहा, मी सोता उघडून तेवढं वाचून दावते."

जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी लिहायला कागद पुढं ओढला. मला वाटलं, पटलं. मग आमचे साहेब म्हणाले, "अटी घालू नका. पूर्ण फोन पाहिजे. तुम्ही पोलीस आहात. तुम्हाला लपवायचं काय आहे?"

"हाय की," बाई म्हणाल्या. "लई हाय. नवऱ्यानं चटके दिलेली हाय, सासऱ्याला भिऊन कडी लावून झोपनारी हाय. दोनदा पाडायला लावलं आन् कुनाला सांगू न्हाई शकली, ती हाय. ह्या तालुक्यातल्या बाया माझ्या फोनमदी हायत, साहेब. त्यांनी निरोप मला धाडलेत, तुमाला न्हाई."

मग त्यांनी फोन काढला, टेबलावर पालथा ठेवला आणि उभ्या राहिल्या.

"फोन घ्या. कुलूप माझ्या डोक्यात हाय."

या वेळी बाई भिंतीकडं वळल्या नव्हत्या. सगळ्यांच्या तोंडाकडं एकेक करून बघत होत्या.

तपासात असहकार्य आणि कर्तव्यात कसूर. निलंबनाच्या हुकमात हे दोन शब्दप्रयोग होते. ज्या बाईनं कर्तव्य म्हणून अख्खा जन्म कॅलेंडर पाठ केलं, तिनं म्हणे कसूर केली. रायटर तिथंच आहे. साहेबांची बदली झाली, पण बढतीवर. पुतण्या गणपतीत मंडळाच्या स्टेजवर फेटा बांधून बसला होता, आणि त्याच्या हातात नवा फोन होता. मी तिथून आरती न घेताच परतलो.

बाई घर सोडून लिंबागणेशला भावाकडं गेल्या. निघताना सामान थोडंच होतं. गल्लीतले बरेच जण दारात आले नाहीत, ते देवपूजावाले तर घरात असून आले नाहीत. मी म्हणालो, "नवा फोन घ्या बाई, बोलायला तरी." त्या म्हणाल्या, "घेतला तर त्योबी मागतील." मग खिशातून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. मी रडत नव्हतो, तरी ठेवला. टेम्पो निघाला.

जुना फोन अजून ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत आहे, पाकिटात, लाख लावलेला. लाख लावण्यात या वेळी कुणी हयगय केली नाही. आत अजून त्या सगळ्या बाया असतील. मी कोर्टात अर्ज केलाय, तारखा पडतायत.

ठाण्यात बाईंच्या जागी दुसरा हवालदार बसतो. परवा एक बाई तिथून माझ्याकडं आली, चेहरा उतरलेला. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, "त्यांनी हात पुढं केला आन् म्हनले, पासवर्ड बोला. मी तशीच उठून आले." तिची तक्रार नोंदलीच गेली नाही. अशा किती बाया उठून घरी जात असतील, ते कुठल्या सरकारी आकड्यात येत नाही. आणि वर हेच लोक म्हणणार, की बाया तक्रारीच करत नाहीत, मग आम्ही गुन्हेगार धरायचे कसे.

गेल्या महिन्यात दुपारी माझ्या ऑफिसात अनोळखी नंबरावरून फोन आला. समोर दोन पक्षकार बसले होते, कारकून टंकत होता.

"वकीलसाहेब का? मावशींनी नंबर दिलता. मावशींचा फोन लागतच न्हाई. लई वेळा लावला."

आवाज ओळखला. माझी मान आपोआप भिंतीकडं वळायला लागली. मग आठवलं. मी उठलो, पक्षकारांना आणि कारकुनाला बाहेर बसायला सांगितलं, दार लावलं, खिडकी लावली आणि दाराकडं तोंड करून उभा राहिलो.

"बोल," मी म्हणालो. "बरी हाइस ना?"

"बरी हाय. परीक्षा झाली. पास झाले. मावशींना सांगायचं होतं."

"मी जाऊन सांगतो," मी म्हणालो. कुठून बोलतेस, ते मी विचारलं नाही.